पहिल्या फ्रॉस्टआधीची आवराआवर : तुमच्या बागेचे अनुभव

न्यू जर्सी

काल रात्री साडेनऊ वाजता मी डोक्याला टॉर्च बांधून मागच्या अंगणात होते. फोनवर फ्रॉस्टचा, म्हणजे झाडं गोठवणाऱ्या थंडीचा, इशारा आला होता, पारा ३६ फॅरनहाइटपर्यंत उतरणार. म्हणजे आपले साधारण २ सेल्सिअस. नवरा म्हणाला, "पाणी ३२ ला गोठतं, तू झोप." पण इशाऱ्यातला आकडा असतो जमिनीपासून पाचेक फुटांवरच्या हवेचा. आभाळ निरभ्र आणि वारा पडलेला असला की जमिनीलगतची पानं त्याहून चार-पाच अंशांनी गार होतात, आणि सकाळी चहाचा कप घेऊन बाहेर यावं तर टोमॅटो उकडलेल्या पालकासारखा लोळत असतो. दोनदा बघून झालंय. म्हणून मिरच्या, मोगरा, गवती चहा, एकेक कुंडी आत ओढली. टोमॅटोवर जुनी चादर टाकली. चादर जमिनीला टेकेल अशी सोडायची बरं का, खोडाभोवती आवळायची नाही. दिवसभर तापलेल्या मातीची ऊब आत कोंडून ठेवायची असते.

आपल्याकडे दसरा झाला की बाग सुरू होते. इथे दसऱ्याला झेंडूचं तोरण करायचं आणि त्याच आठवड्यात बाग गुंडाळायला घ्यायची. चौदा वर्षं झाली, तरी हे पंचांग माझ्या अंगवळणी पडलेलं नाही. तुम्ही कसं जमवता? काय वाचलं, काय मेलं, काय फसलं ते लिहा. पुस्तकी टिपा सगळीकडे मिळतात, त्या नकोत.

माझी सुरुवात तुळशीपासून. तुळशीचं लग्न कार्तिक द्वादशी ते पौर्णिमा, म्हणजे बहुतेक नोव्हेंबरात. आमच्याकडे पहिला फ्रॉस्ट ऑक्टोबरच्या दुसऱ्या पंधरवड्यात. म्हणजे नवरी लग्नाआधीच गेलेली. पहिल्या वर्षी मी काळ्या पडलेल्या काड्यांना हळदकुंकू लावून लग्न उरकलं. व्हिडिओ कॉलवर आई बराच वेळ गप्प होती. मग म्हणाली, "अगं, निदान हिरवी चुनरी तरी घाल तिला."

आता ऑगस्ट संपायच्या आत मंजिऱ्या न आलेल्या चार-पाच कोवळ्या फांद्या कापते, खालची पानं काढून पाण्याच्या पेल्यात ठेवते. दहा-बारा दिवसांत पांढरी मुळं सुटतात. मग छोट्या कुंडीत लावायच्या आणि ती कुंडी बाहेर न्यायचीच नाही. दक्षिणेच्या खिडकीत ठेवायची. मोठी तुळस बाहेर जाते ती जाते, तिच्या मंजिऱ्या कागदाच्या पाकिटात वाळवून पुढच्या मेसाठी ठेवते. खिडकीतली नवरी लग्नाला वीतभर उंच असते. ऊस भारतीय दुकानातून, आवळे फ्रोझन, अंतरपाट म्हणजे स्वयंपाकघरातला धुतलेला टॉवेल. जानेवारीपर्यंत चार पानं उरतात. पण उरतात.


मिशिगन, डेट्रॉईटजवळ

ताई, तुमची तुळस तसा माझा कढीपत्ता. साडेसहा फूट उंच, कुंडीखाली चाकांची फळी. घरात शिरताना त्याचा मान पहिला, मग आमचा.

रात्रीचं तापमान ५० फॅरनहाइटच्या खाली, म्हणजे १० सेल्सिअसच्या खाली जायला लागलं की तो आत यायलाच हवा. आमच्याकडे हे सप्टेंबरच्या शेवटी होतं. पण सरळ उचलून आत आणायचा नाही. एका वर्षी पाहुणे यायचे होते म्हणून तसा आणला. डिसेंबरात बायको म्हणाली, फरशी चिकट का लागतेय? पानं उलटून बघितली तर देठांवर तपकिरी खवले बसलेले. खवले कीड. बाहेर ती दोन-चार असते, तिला खाणारे किडेही असतात. घरात उबेला, शत्रू नाही, पाऊस नाही, मजाच मजा. जानेवारीत सगळं झाड गुडघ्याएवढं छाटलं. दोन महिने दिवाणखान्यात एक खुंट उभा होता. एप्रिलमध्ये त्याला लाल-हिरवे कोंब आले तेव्हा मी ऑफिसात फोटो दाखवत फिरलो.

तेव्हापासून शिरस्ता ठरलेला. आधी होजच्या (पाण्याच्या नळीच्या) जोरदार फवाऱ्याने पानांच्या खालच्या बाजू धुवायच्या. वाळलं की लिटरभर कोमट पाण्यात चहाचा चमचाभर निंबोळी तेल आणि दोन-तीन थेंब साबण, संध्याकाळी फवारायचं. आठवड्याने पुन्हा. वरची दोन इंच माती काढून नवी. मग चार रात्री गॅरेजात आणि मगच घरात. तरी जानेवारीत लाल कोळी येतोच, हीटरच्या कोरड्या हवेत तो फोफावतो. पानाखाली बारीक जाळी दिसली की झाड उचलून बाथटबमध्ये, शॉवर.

आणि पाणी. माझे आधीचे दोन कढीपत्ते मी पाणी घालघालून मारलेत. हिवाळ्यात तो वाढत नाही, पानं पिवळी पडून गळतात, आणि आपल्याला वाटतं तहान लागली. बोट मातीत दोन पेरं घालून बघा. कोरडं लागलं तरच. एवढं करूनही फेब्रुवारीत निम्मा टकला होतो, घाबरू नका.

एक विनंती. भारतातून रोप किंवा बी खिशात घालून आणायच्या भानगडीत कुणी पडू नका. कढीपत्ता लिंबाच्या कुळातला, आणि संत्र्या-लिंबांचा ग्रीनिंग रोग पसरवणारा बारीक किडा त्याच्यावरही राहतो. त्यापायी फ्लोरिडातल्या बागाच्या बागा गेल्या आहेत. म्हणून अमेरिकेत तर कढीपत्त्याचं रोप एका राज्यातून दुसऱ्यात पाठवण्यावरही निर्बंध आहेत.


मिनेसोटा

तुम्हा दोघांकडे जमीन तरी कितीशी गोठते? आमच्याकडे तीन-चार फूट खोल गोठते. चादरीबिदरीने काही होत नाही.

मी इथे गुलाब पुरते. वाचलंत ते बरोबर आहे, पुरते. पहिल्या वर्षी शेजारच्या आजींना विचारलं, हायब्रिड टी गुलाब थंडीत कसे वाचवता? त्या फावडं घेऊनच आल्या. ह्या पद्धतीला इथे 'मिनेसोटा टिप' म्हणतात, टिप म्हणजे कलंडवणं. ऑक्टोबरच्या मध्याला सगळ्या फांद्या सुतळीने जुडीसारख्या बांधायच्या. झाडाच्या एका बाजूला त्याच्या उंचीएवढा लांब चर खणायचा. मग दुसऱ्या बाजूने मुळांजवळची माती बागेच्या काट्याने (फोर्कने) सैल करत करत झाड हळूहळू त्या चरात आडवं करायचं. फांदी वाकवायची नाही, मोडते. वाकलं पाहिजे ते मुळाशी. वर माती, आणि जमीन गोठायला लागली की वर पानांच्या पिशव्या. एप्रिलच्या मध्याला उकरून उभं करायचं.

पहिल्यांदा केलं तेव्हा मला फार अपराधी वाटलं. फुलं होती हो झाडाला अजून, दोन कळ्या उमलायच्या होत्या. कापून फुलदाणीत ठेवल्या आणि माती ओढली. सासूबाई तेव्हा आमच्याकडे होत्या. खिडकीतून बघत होत्या. म्हणाल्या, "जिवंत समाधी दिलीस गं त्याला." पुढे एप्रिलमध्ये त्यांना पुण्याला फोटो पाठवला, तर त्यांनी तो सगळ्या सोसायटीला दाखवला.

आजी आता नाहीत. त्यांच्या घरी आलेल्या जोडप्याने गुलाब काढून टाकले, झुडपी गुलाब लावले, जे न पुरता जगतात. शहाणपणाचंच आहे ते. मी मात्र अजून सहा झाडं पुरते. कंबर बोलते, तरी.


न्यू जर्सी (दुसरा)

एक बाळबोध प्रश्न. यंदाच घर घेतलंय. लोक 'झोन सात', 'झोन सहा' म्हणतात. त्यावरून फ्रॉस्टची तारीख कळते का?


मिशिगन, डेट्रॉईटजवळ

नाही, इथे पुष्कळ जण फसतात. झोनचा आकडा सांगतो की तुमच्याकडे हिवाळ्यात सरासरी नीचांक किती खाली जातो. कुठलं झाड बाहेर जगेल ह्यासाठी तो. पहिला फ्रॉस्ट कधी, ही गोष्ट वेगळी. अमेरिकन सरकारचा झोनचा नकाशा २०२३ मध्ये नवा निघाला. आधीचा २०१२ चा होता. देशाचा जवळजवळ निम्मा भाग अर्ध्या पायरीने उबदार गटात गेला. पण नकाशा बघून अंजिराला मोकळं सोडू नका. सरासरी ही सरासरीच असते, आणि झाडाला एक रात्र पुरते.


ऑन्टारियो, टोरोंटोजवळ

अंजिराचं नाव निघालं म्हणून लिहितो, खरं तर लसणावर लिहायला आलो होतो.

आमच्या गल्लीत जुने इटालियन लोक आहेत. पलीकडच्या काकांचं अंजीर आहे, तेही मिनेसोटाच्या ताईंच्या गुलाबासारखंच पुरलं जातं. नोव्हेंबरात पानं गळली की एका बाजूची मुळं कुदळीने तोडतात, दोन मुलगे खोडाला धरून झाड खड्ड्यात आडवं करतात, वर जुन्या दाराची फळी, पानं, माती. इटलीहून फांदी आणून लावलेलं झाड म्हणे. काका स्वतः आता खुर्चीत बसून फक्त ओरडतात. पहिल्या वर्षी मला वाटलं घरात कुणी गेलं की काय.

आता लसूण. इतकं कमी कष्टाचं दुसरं पीक मला माहीत नाही. कॅनडातलं थँक्सगिव्हिंग ऑक्टोबरच्या दुसऱ्या सोमवारी असतं, त्या सुट्टीत लावतो. पाकळ्या सुट्या करायच्या, सोलायच्या नाहीत. मोठ्या मोठ्या निवडून, टोक वर, दोन इंच खोल, सहा-सहा इंचांवर. वर पाचोळ्याचा चार-पाच इंचांचा थर. झालं. हिवाळाभर विसरून जायचं. खाली मुळं धरतात, बर्फ वितळला की पाचोळ्यातून हिरवी टोकं येतात. जूनमध्ये मधून वळणावळणाचे दांडे निघतात, ते मोडायचे (म्हणजे गड्डा पोसतो) आणि त्यांची दाण्याचं कूट घालून चटणी करायची. जुलैत खालची पानं वाळली की उपटायचा.

सुरुवातीला माझा एक घोटाळा झाला. ऑक्टोबरात वेळ मिळाला नाही म्हणून मेमध्ये लावला. उगवला छान. खणला तर प्रत्येक गड्डा म्हणजे एकच गोल पाकळी. गड्ड्याच्या पाकळ्या पडायला लसणाला थंडी खावी लागते, हे नंतर कळलं. आमची आजी एक पाकळीचा लसूण औषधाला म्हणून बाजारात शोधत फिरायची, जास्त पैसे मोजायची. मी अख्खा वाफाभर पिकवला आणि डोक्याला हात लावून बसलो.

दुकानातला भाजीचा लसूण लावू नका. बहुतेक तो उबेतल्या प्रदेशातल्या मऊ मानेच्या (मधला दांडा न येणाऱ्या) जातीचा असतो, आणि मोड येऊ नयेत म्हणून काही वेळा त्यावर प्रक्रियाही केलेली असते. कडक मानेच्या जातीचं बियाणं घ्या. एकदाच. पुढे घरचंच.


इंग्लंड, लेस्टर

तुमच्या उणे वीसच्या गोष्टी वाचून आमचं दुःख सांगायची लाज वाटते. आमच्याकडे गोठत फारसं नाही, कुजतं. ऑक्टोबर ते मार्च नुसती भुरभुर.

माझ्याकडे अलॉटमेंटचा (भाजी लावायला भाड्याने मिळणाऱ्या जमिनीचा) अर्धा प्लॉट आहे. पूर्ण प्लॉट म्हणजे जुन्या मापाने दहा रॉड, साधारण २५० चौरस मीटर. मला अर्धाच झेपतो. डेलियाचे कंद काढायचे की जमिनीत ठेवायचे यावर आमच्या कुंपणाला दरवर्षी एक परिषद भरते. मी पहिली तीन वर्षं ठेवले, वर कंपोस्टचा ढीग करून. दोन वर्षं वाचले, तिसऱ्या वर्षी पाणी साचलं आणि मार्चमध्ये हाताला लगदा लागला. आता काढतो. फ्रॉस्टने पानं काळी पडली की आठवडाभर थांबतो, खोड वीतभर ठेवून कापतो, काट्याने लांबून उचलतो. माती झटकून, खोड पोकळ असतं म्हणून उलटे टांगतो, पाणी निथळू द्यायला. मग खोक्यात कोरड्या भुश्यात. गोठणार नाही आणि कोंबही येणार नाहीत अशी जागा हवी, ५ ते १० अंश सेल्सिअसची. आमच्या घरात अशी जागा एकच, जिन्याखालची. तिथेच दिवाळीचे कंदील. दोन वर्षांपूर्वी कंदील काढायला गेलेल्या मुलाने डेलियाचं खोकं 'रताळी' म्हणून स्वयंपाकघरात नेऊन ठेवलं. वेळेवर बघितलं.

पाच नोव्हेंबरच्या बोनफायरसाठी (त्या रात्री इथे मोठ्या शेकोट्या पेटतात) सगळे फांद्या-पानांचे ढीग रचतात. बागेतला कचरा जाळायचा असेल तर ढीग त्याच दिवशी हलवून दुसरीकडे रचा आणि मग पेटवा. साळूसारखे दिसणारे हेजहॉग थंडीची झोप घ्यायला नेमके तिथे शिरतात. आमच्या ढिगात एक निघाला होता, मूठभर. मी तो ढीग पेटवलाच नाही, आणि त्या वर्षी मुलांनी फुलबाज्यांवर भागवलं.

नोव्हेंबरात लावायचं म्हणून एकच गोष्ट सांगतो. ब्रॉड बीन्स, 'अक्वादुल्से क्लॉडिया' नावाची जात. थंडीत बोटभर उगवून थांबते, वसंतात सगळ्यांच्या आधी शेंगा. दाणे सोलून वालासारखी उसळ करायची. वालाची सर येत नाही, पण मे-जूनमध्ये इथे कोण वाल देतंय.


जर्मनी

आमच्या क्लाइनगार्टनमध्ये (वसाहतीतल्या छोट्या बागा) थंडीची तयारी नियमावलीने होते. कुंपणाची झुडपं १ मार्च ते ३० सप्टेंबर जोरात छाटायची नाहीत, पक्ष्यांची घरटी असतात, कायदाच आहे. त्यामुळे १ ऑक्टोबर उजाडला की चहूकडून कात्र्यांचे आवाज. मग फलकावर पाणी बंद करायची तारीख लागते. त्या दिवसाआधी नळ उघडे सोडून पाइप रिकामे करायचे.

मी नळ रिकामा केला, पावसाच्या पाण्याचं पिंप विसरलो. पाणी गोठताना सुमारे ९ टक्क्यांनी फुगतं हे शाळेत पाठ केलं होतं, मार्कही मिळाले होते. फेब्रुवारीत पिंप उभं चिरलेलं, आणि आत पिंपाच्याच आकाराचा बर्फाचा ठोकळा. पिंप ऐंशी युरोंचं होतं.


मेरीलँड

अमेरिकेत घर असेल तर ह्यांच्या पिंपावरून धडा घ्या आणि बाहेरच्या नळाची होज आजच काढा. होज लावलेली राहिली की आतलं पाणी निघत नाही, नळ भिंतीच्या आत फुटतो आणि कळतं वसंतात, तळघरात पाणी आल्यावर. आमच्याकडे झालंय. जास्त लिहीत नाही, अजून राग येतो.

मी लिहिणार होते हिरव्या टोमॅटोवर. शेवटच्या रात्री ते शेकड्याने निघतात. ज्यांच्यावर पांढुरकी झाक आली आहे ते खोक्यात एका थरात, वर्तमानपत्रात गुंडाळून, मध्ये एक पिकलेला टोमॅटो किंवा केळं. पिकणाऱ्या फळातून निघणारा वायू बाकीच्यांना पिकवतो. आमच्या नोव्हेंबरातल्या थँक्सगिव्हिंगपर्यंत पुरतात. गर्द हिरवे कधीच पिकत नाहीत, त्यांची चटणी. उभे काप करून तेलात हिंग, हिरव्या मिरच्या, लसूण यांच्यासोबत झाकण ठेवून मऊ करायचे, भाजलेले तीळ आणि दाणे, बोटाच्या पेराएवढा गूळ, मीठ, आणि खलबत्त्यात ओबडधोबड. मिक्सर नको, पाणी सुटतं. भाकरीबरोबर. ही चटणी खाल्ली की फ्रॉस्टचा राग थोडा कमी होतो.

अळूचे कंद कुणी ठेवतं का? मी पानं कापून, वाळवून, कागदी पिशवीत तळघरात ठेवते. मेमध्ये पुन्हा कुंडीत. शेवटच्या पानांच्या वड्यांचे उंडे उकडून फ्रीझरमध्ये. आणि कुंडीतली हळद पानं पिवळी पडली की उपटायची. तिच्या लोणच्याने बोटं आठवडाभर पिवळी राहतात, ऑफिसातल्या बाईने काळजीने विचारलं होतं, काविळीबद्दल.


पुणे, गच्ची

तुम्ही सगळे पुरताय, गुंडाळताय, टांगताय, आणि मी इथे कालच मेथी पेरली. वाचताना अगदी उलट्या बाजूने नाटक बघितल्यासारखं वाटलं.

आमच्याकडे खरी तयारी पावसाळा सरल्यावरची. चार महिने पाऊस खाऊन कुंड्यांतली माती दगड झालेली असते, खत वाहून गेलेलं. ऑक्टोबरच्या उन्हात ती प्लॅस्टिकवर पसरते, ढेकळं फोडते, हुमणीच्या अळ्या वेचते (कावळे टपून बसलेले असतात, त्यांना हे बरोबर कळतं). मग घरचं कंपोस्ट, निंबोळी पेंड, थोडं कोकोपीट. गुलाबाची छाटणी ह्याच महिन्यात. छाटल्यावर सहा-सात आठवड्यांनी फुलं, म्हणजे डिसेंबरात भर. धणे लाटण्याने रगडून दोन फाकी करून पेरायचे. गाजर आणि मुळा जागच्या जागी, रोप करून हलवायचे नाहीत, वाकडे होतात. शेवंतीचे शेंडे खुडणं मात्र ऑगस्टातच संपलेलं असावं. यंदा मी विसरले, काठीसारखी वाढलीय.

मुलगी स्टॉकहोमला आहे. ती गेल्या वर्षी म्हणाली, आई, माझ्या खिडकीत दुपारी तीनला अंधार. मी मेथीचा फोटो पाठवायची थांबले. मग तिनेच विचारलं, मेथी कुठवर आली?


निफाड, नाशिक

आमच्याकडे पण थंडी असते हो, पुण्यावाल्यांनी सांगितलं नाही म्हणून लिहितो. डिसेंबर-जानेवारीत पारा पाचाच्या खाली घसरला की पहाटे द्राक्षबागांत शेकोट्या पेटतात, धूर धरायला. ठिबक चालू करतात, विहिरीचं पाणी कोमट असतं म्हणून. घराच्या परसात माझी आई पपईच्या पोरसवदा झाडांना गोणपाट बांधते, दक्षिणेची बाजू उघडी ठेवून. केळीला काही करत नाही. म्हणते, ती आपली आपण बघून घेईल.


मेलबर्न

आमचं सगळंच खालीवर. शरद संपतो मेमध्ये, म्हणजे अक्षय्य तृतीयेच्या सुमाराला मी आवराआवर करते आणि गणपतीला वसंत. ब्रॉड बीन्स आणि लसूण २५ एप्रिलच्या अँझॅक डेच्या सुट्टीत. कढीपत्ता भिंतीच्या कडेला बाहेरच राहतो, पानं टाकतो, नोव्हेंबरात पुन्हा भरतो. मिशिगनच्या काकांना हे सांगू की नको असं झालं होतं.


न्यू जर्सी (तिसरा)

पानांवर कुणीच लिहिलं नाही. आमच्याकडे दोन ओक आणि एक मेपल. पहिली पाच वर्षं मी दर शनिवारी पानं गोळा करून रस्त्याकडेला ढीग लावायचो, पालिकेची गाडी न्यायची. आणि वसंतात पैसे देऊन पिशवीतलं कंपोस्ट आणायचो. हा हिशेब माझ्या सातवीतल्या मुलीने मला मांडून दाखवला. शिवाय म्हणाली, बाबा, काजव्यांच्या अळ्या जमिनीत आणि पाचोळ्यात राहतात, तू काजवे पिशवीत भरून देतोयस.

आता गवतावरची पानं मॉवरने दोनदा कापून तिथेच सोडतो. वाफ्यांवर आणि झाडांखाली अख्खी. उरलेली कोपऱ्यात जाळीच्या गोल कुंपणात. ओकची पानं कुजायला दोन वर्षं घेतात, पण मग जे काळं, भुसभुशीत निघतं त्याला जंगलाचा वास येतो. सूर्यफुलाची आणि कोनफ्लॉवरची वाळकी खोडंही उभीच ठेवतो, गोल्डफिंच पक्षी बिया खातात. वसाहतीच्या समितीचं पत्र आलं, 'अव्यवस्थित' म्हणून. पुढचा भाग साफ केला, मागचा तसाच. पत्र लिहिणारे मागे येत नाहीत.

काजवे वाढले का? मोजले नाहीत. पण जूनमध्ये मुलगी मागच्या पायरीवर बसून असते.


न्यू जर्सी

सगळं वाचतेय, मधूनमधून खिडकीतून थर्मामीटर बघत. लसूण ह्या शनिवारी. मेरीलँडच्या ताई, होज काढली, आतला व्हॉल्व्ह बंद केला, नवऱ्याने चक्क स्वतःहून. चटणी आज केली, गूळ जास्त पडला तरी उडाली.

डेलिया मात्र काढले नाहीत अजून. दसऱ्याला ज्याला एकही फूल नव्हतं, त्या जांभळ्याला आज सात कळ्या आहेत. आज रात्रीचा अंदाज २९ फॅरनहाइट. चादर पुरणार नाही, कळतंय. कात्री आणि बादली घेऊन बाहेर चाललेय, उमललेल्या तेवढ्या आत आणते. मिनेसोटाच्या ताई, अर्ध्या उमललेल्या कळ्या फुलदाणीत उमलतात का हो? डेलियाच्या?